सावल्या बंद

जेल रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे चार्जरवाल्याची पाटी माझी अर्धी पाटी झाकते,
तिथे तो आला. शाळेच्या दप्तरात लॅपटॉप,
टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल अजून ओलसर.
"भिया, इसमें ग्राफिक कार्ड डल जाएगा क्या?
गेम अटकता है."

अकरा स्क्रू. दोन रबरी पायांखाली लपलेले.
तळाच्या पत्र्याने बोट कापलं, "आई गं" म्हणालो
आणि तो एकदम मराठीत आला:
"काका, लागलं का हो?"
इंदुरात असंच होतं. अर्धा सौदा हिंदीत होतो,
मग कुणाला तरी ठेच लागते.

आडनाव तारे. सुदामा नगर. मशीन ताईचं.
ताई आता हैदराबादला,
तिला कंपनीने नवीन दिलं.

पंखा उघडला.
सात वर्षांचं घर निघालं त्यातून:
नमद्यासारखी जमलेली धूळ, एक लांब केस,
उदबत्तीचा वास, अजून धरून ठेवलेला,
आणि जाळीत अडकलेली शेव, लवंगेची.
"ताईची," तो म्हणाला. "मला तिखट लागते."

त्याला दाखवलं: ही बघ चिप.
ही बसवलेली नाही, जडवलेली आहे.
हिच्या पोटाखाली शेकडो थेंब कथलाचे,
मोहरीहून बारीक.
काढायची तर बोर्ड तापवावा लागतो,
आणि नवी आणली तरी हा बोर्ड तिला ओळख देईलच असं नाही.
काही जुन्या, जाडजूड मशिनांत कार्ड वेगळं निघायचं.
तसलं एक आहे, त्या वरच्या फळीवर.
त्याचं कार्ड मिळत नाही.

एक वाट आहे तशी.
वायफायची खाच रिकामी करायची, तिथून वायर बाहेर काढायची,
टेबलावर उघडं कार्ड, शेजारी वेगळा पॉवर सप्लाय.
लॅपटॉप मग मांडीवर येत नाही.
केलंय मी एकदा, द्वारकापुरीच्या एका मुलासाठी.
चाललं.
मग त्यावर मांजर बसलं.

तो हसला, आणि हसता हसता मूठ उघडली.
सहा हजार दोनशे. त्यात दहाच्या नोटा कितीतरी.
दुकानाचं भाडं पाच तारखेला. आज तीन.
"होईल" हा शब्द जिभेवर आला,
लिमलेटच्या गोळीसारखा इकडून तिकडे फिरला,
आणि मी तो गिळला.

जुनी पेस्ट खरवडली, खडू झाला होता तिचा.
नवी लावली, मुगाच्या दाण्याएवढी.
रॅमची दुसरी खाच रिकामी होती,
पहिल्या दिवसापासून. कुणी पाहिलंच नव्हतं.
एका हाताने भाकऱ्या थापत होतं बिचारं, सात वर्षं.
जोडीची पट्टी घातली.

मग गेम. सेटिंगमध्ये तो एकेक सोडत गेला,
सराईतासारखा:
गवत बंद. धुकं बंद. पाण्यातलं आभाळ बंद.
सावल्या बंद.
एकोणीस. सव्वीस. एकतीसवर आकडा
थरथरला, आणि तिथेच राहिला.
माणूस पळाला. न अडकता पळाला,
गल्ल्यागल्ल्यांतून, भर उन्हात,
पायाखाली काही नाही.

"ताई असती तर म्हणाली असती,
सावल्या लाव रे, भूत दिसतोय."
"मग लावायचास?"
"ती बघत बसायची ना. तेव्हा चालायचं, अटकलं तरी."

दोन हजार एकशे घेतले.
उरलेले त्याने दोनदा मोजले.
टॉवेल घडी करून दिला, एव्हाना वाळला होता.

खिडकीतून दिसला तो, रस्ता ओलांडताना.
दोन वाजले होते.
प्रत्येक हातगाडीखाली तिची तिची सावली, गडद, काठ न फाटलेले,
त्याचीही, दप्तरासकट.

बोटाला सेलोटेप गुंडाळली
आणि पुढचं उघडलं.
प्रिंटर. यात म्हणे झुरळ आहे.